रोमन किडुकमिडुकाची बाजारपेठ

युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांत प्राचीन वस्तू बाहेरून आणण्याची रीत २८ जून २०२५ पासून बदलली आहे. २०१९ साली संमत झालेली नियमावली त्या दिवशी पूर्णांशाने लागू झाली. संघाच्या सीमेबाहेर घडलेली वा सापडलेली, उत्खननातून निघालेली आणि अडीचशे वर्षांहून जुनी असलेली कोणतीही वस्तू आता परवान्याशिवाय आत आणता येत नाही. तिची किंमत लाखो युरो असो वा पन्नास युरो, नियमाला त्याचे सोयरसुतक नाही. नाणी, कोरीव मुद्रा आणि तत्सम पुराणवस्तूंसाठी मात्र निराळा वर्ग आहे. दोनशे वर्षांहून जुनी आणि किमान १८ हजार युरो किमतीची वस्तू असेल तर आयातदाराने आपल्या सहीचे निवेदन द्यायचे, एवढेच. एखादे नाणे 'उत्खननातून निघालेले' समजायचे की 'पुराणवस्तू' समजायचे, हा प्रश्न त्यामुळे वकिलांच्या पोटापाण्याची सोय करून गेला आहे.

सीरिया आणि इराकमधील लुटीचा पैसा दहशतवाद्यांच्या हाती जाऊ नये, हा या नियमावलीमागचा घोषित हेतू. त्याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तिच्या विरोधात व्यापाऱ्यांच्या संघटनांनी सूर लावला, तेव्हा पुढे केलेला युक्तिवाद राजवाड्यांतून उखडलेल्या शिल्पांचा नव्हता. तो होता लहान वस्तूंचा. दोन हजार वर्षांपूर्वीची एक पिन, एक अंगठी, पट्ट्याचे एक बक्कल. ज्यांच्या कागदपत्रांचा खर्च त्यांच्या मोलाहून अधिक, अशा वस्तूंचे करायचे काय?

प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. रोमन साम्राज्याच्या मातीतून जे निघते, त्यात संगमरवरी पुतळे अपवादानेच. बहुतांश माल असतो तो तळहातावर मावणारा. सर्वांत विपुल सापडतो तो 'फिब्युला', म्हणजे वस्त्र खांद्यावर अडकवण्याचा धातूचा काटा. बटणे सर्रास नव्हती त्या काळात रोमन शिपायापासून गॉलमधल्या गृहिणीपर्यंत सर्वांचे अंगावरचे वस्त्र याच काट्याने सावरले जाई. वॉल्टर हंट या अमेरिकन गृहस्थांनी १८४९ मध्ये सेफ्टी पिनचे पेटंट घेतले खरे. पण स्प्रिंगवर ताणलेला काटा आणि त्याचे टोक झाकणारी खाच ही मूळ कल्पना त्यांच्याही कित्येक शतके आधीची. या काट्यांच्या आकारांत इतकी विविधता आहे, की त्यावरून पन्नास-पाऊणशे वर्षांच्या अंतराने काळ सांगता येतो. 'ऑकिसा' या प्रकाराला तर त्यावर उमटवलेल्या कारागिराच्या नावावरूनच ओळख मिळाली. चौथ्या शतकातला आडव्या धनुष्यासारखा जाड काटा हा सैनिकांचा आणि सरकारी अधिकाऱ्यांचा मानाचा बिल्लाच होता.

याखेरीज कितीतरी. एकाच कडीत ओवलेले चिमटा, नखे साफ करण्याची सळई आणि कानकोरणे, बोटात घालायच्या अंगठीलाच जोडलेली पेटीची किल्ली, ताजव्याची वजने, मालाच्या गाठोड्यांवर ठोकलेली शिशाची मोहोर, घोड्याच्या सरंजामावरच्या चकत्या, शिशाचे गोफणगुंडे, नवस फेडताना देवाला वाहिलेली बोटभर उंचीची मूर्ती. ब्रिटनमधील बाथ येथे गरम पाण्याच्या पवित्र कुंडातून शिशाच्या पातळ पत्र्यांवर कोरलेले सुमारे १३० शापलेख निघाले आहेत. ज्याने माझा अंगरखा चोरला त्याचे वाटोळे कर, अशी सुलिस मिनर्व्हा देवीला केलेली विनवणी त्यांत वारंवार भेटते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातला रोम सम्राटांचा असतो. या पत्र्यांवरचा रोम शेजारच्या आळीतला वाटतो.

आणि नेमके हेच त्यांचे आकर्षण आहे. ही संग्रहवृत्ती केवळ धनिकांची चैन आहे, असा समज करून घेणे अन्यायाचे होईल. साधा काटा किंवा झिजलेले ब्राँझचे नाणे युरोपात एका बऱ्या जेवणाच्या पैशांत मिळते. निवृत्त शिक्षक, टपालखात्यातले कर्मचारी, शाळकरी मुले असे लोक ते विकत घेतात, भिंगाखाली न्याहाळतात, त्यावरचे ग्रंथ चाळतात. तांब्यावर चढलेला जंगालाचा गुळगुळीत हिरवा थर आणि क्लोराइडमुळे धातूला पोखरणारी पिठूळ फिकट हिरवी कीड यांतला फरक त्यांना विद्यापीठातल्या एखाद्या पदवीधरापेक्षा चांगला कळतो. अनेक प्रकारच्या काट्यांचे वर्गीकरण हौशी अभ्यासकांच्या चिकाटीने पुढे सरकले आहे. हे ऋण मान्य केल्याशिवाय टीकेला नैतिक अधिकार उरत नाही.

मग आक्षेप कशाला? आक्षेप वस्तूला नाही, वस्तू जिथून उचलली ती जागा हरवण्याला आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतले आहे. इसवी सन ९ मध्ये सेनापती वारुसच्या तीन लीजन जर्मानिक टोळ्यांनी अरण्यात गाठून कापून काढल्या. ही लढाई नेमकी झाली कोठे, यावर शतकानुशतके वाद चालला आणि सुचवलेल्या जागांची संख्या शेकड्यांत गेली. थिओडोर मॉमसेन या थोर इतिहासकाराने १८८५ मध्ये तिथल्या नाण्यांचा आधार घेऊन ओस्नाब्रुकच्या उत्तरेकडील काल्क्रीझ परिसराकडे बोट दाखवले. पण लष्करी अवशेष नाहीत म्हणून ते मत मागे पडले. १९८७ मध्ये जर्मनीत तैनात असलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी टोनी क्लन यांनी पुरातत्त्व विभागाला विचारून त्याच भागात मेटल डिटेक्टर फिरवला. प्रथम चांदीची दिनार नाणी हाती आली. पुढच्या वर्षी शिशाचे तीन गोफणगुंडे मिळाले. नाणी व्यापाऱ्याचीही असू शकतात, गोफणगुंडे सैन्याचेच. त्यांनी ते खिशात टाकले नाहीत, व्होल्फगांग श्ल्युटर या पुरातत्त्वज्ञाच्या टेबलावर ठेवले. मग उत्खनन झाले, घोडेस्वाराचा मुखवटा निघाला, वारुसच्या नावाची अक्षरे ठोकलेली नाणी निघाली. आज बहुसंख्य अभ्यासक त्या संहाराची जागा हीच मानतात.

आता कल्पना करावी, की तेच तीन गुंडे कोणा अन्य माणसाला मिळाले असते आणि 'रोमन गोफणगुंडे, तीन नग, जर्मनी' अशा चिठ्ठीसह विकले गेले असते. घेणाऱ्याला खरी वस्तू मिळाली असती, विकणाऱ्याला चार पैसे मिळाले असते, कोणाची फसवणूकही झाली नसती. फक्त एक लढाई हरवली असती. हार्झहोर्न येथे हे थोडक्यात टळले. तिथे २००० साली परवान्याविना डिटेक्टर फिरवणाऱ्या हौशी मंडळींना एक विचित्र लोखंडी वस्तू मिळाली. ती आठ वर्षे घरीच राहिली. २००८ मध्ये ती तज्ज्ञांपर्यंत पोहोचली, तेव्हा तो रोमन जनावराच्या खुराला बांधायचा लोखंडी जोडा असल्याचे निष्पन्न झाले आणि तिसऱ्या शतकातली एक विस्मृत रणभूमी उजेडात आली. वारुसच्या पराभवानंतर रोमन फौजा जर्मनीच्या इतक्या आत गेल्याच नाहीत, हा प्रस्थापित समज त्या जोड्याने मोडला.

उलट बाजूचे उदाहरण म्हणजे रोमन द्वादशफलक. पंचकोनी बारा बाजू, प्रत्येक बाजूला वेगळ्या व्यासाचे भोक, प्रत्येक कोपऱ्यावर गोळी अशी ही तांब्याच्या मिश्रधातूची पोकळ वस्तू साम्राज्याच्या वायव्य प्रांतांत शंभराहून अधिक ठिकाणी सापडली आहे. तिचा उपयोग काय, हे आजही कोणाला ठाऊक नाही. मेणबत्तीची बैठक, मापनाचे यंत्र, विणकामाचे साधन, भविष्यकथनाचे उपकरण असे तर्कांचे पीक उदंड आले. कोडे सुटत नाही याचे एक मोठे कारण साधे आहे. यांतले बरेच नग केव्हा, कुठे, कशाच्या शेजारी सापडले याची नोंदच नाही. म्हणूनच २०२३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील नॉर्टन डिस्ने गावी स्थानिक हौशी मंडळाच्या रीतसर उत्खननात एक अखंड नग रोमनकालीन भांड्यांच्या खापरांसह एका खड्ड्यात मिळाला, त्याचा एवढा गवगवा झाला.

इंग्लंड हा या साऱ्या व्यवहाराचा प्रयोगशाळेसारखा देश आहे. युरोपातील बहुतेक देशांत डिटेक्टरला परवाना लागतो, कुठे कुठे सरसकट मनाई आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाची संमती असेल आणि ती जागा संरक्षित स्मारक नसेल, तर डिटेक्टर फिरवायला मज्जाव नाही. १९९६ पूर्वीचा तिथला कायदा तर मध्ययुगीन होता. सोन्या-चांदीची वस्तू राजसत्तेची ठरण्यासाठी, ती पुरणाऱ्याचा हेतू पुढे कधीतरी परत काढण्याचा होता, हे सिद्ध व्हावे लागे. सरे परगण्यातील वॅनबरो येथील रोमन मंदिराच्या जागेची १९८३ ते १९८५ या काळात लुटारूंनी चाळण केली, हजारो नाणी नेली. आणि खटल्यांत हाच मुद्दा आडवा आला. देवाला वाहिलेले नाणे परत काढण्यासाठी कोण वाहतो? म्हणजे वस्तू जितकी पवित्र, तितके कायद्याचे संरक्षण कमी! या विपरीततेविरुद्ध सरेच्या पुरातत्त्वप्रेमींनी जो लढा दिला, त्याची परिणती १९९६ च्या खजिना कायद्यात झाली.

नव्या कायद्याने हेतूची अट काढली. पण धातूची अट ठेवली. तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने वा चांदी असलेली वस्तू 'खजिना' ठरली, ती कळवणे बंधनकारक झाले. सुट्या रोमन कांस्य वस्तूला मात्र त्यात स्थान नव्हते. तिच्यासाठी १९९७ मध्ये ऐच्छिक नोंदणीची योजना आली आणि २००३ पासून ती सर्व इंग्लंड-वेल्समध्ये पसरली. परगण्यापरगण्यांत नेमलेले अधिकारी शोधकांकडून वस्तू पाहायला घेतात, मोजतात, छायाचित्र काढतात, ठिकाण नोंदवतात आणि वस्तू परत देतात. आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची अशी नोंद झाली आहे. सक्ती नसताना एवढा माल नोंदला गेला, हे मान्य करायलाच हवे. फ्रोम येथे २०१० च्या एप्रिलमध्ये एका रुग्णालयातील आचाऱ्याला ५२,५०३ नाण्यांनी भरलेले मडके सापडले. तोंड दिसताच त्यांनी खोदणे थांबवून तज्ज्ञांना बोलावले. मडके थराथराने रिकामे करण्यात आले, म्हणून कळले की सम्राट कारॉसियसची, म्हणजे उशिराची बरीच नाणी तळाच्या बाजूला आहेत. वर्षानुवर्षे साठवलेली ती पुंजी नव्हे, एकाच वेळी ओतलेली रास आहे, कदाचित देवाला अर्पण केलेली, हा निष्कर्ष त्या थांबण्यातून निघाला.

परंतु त्याच वर्षी, त्याच देशात, कायद्याची दुसरी बाजूही दिसली. मे २०१० मध्ये कंब्रियातील क्रॉस्बी गॅरेट गावाजवळ रोमन घोडेस्वाराचे मुखवट्यासह शिरस्त्राण ३३ मोठ्या आणि ३४ लहान तुकड्यांत सापडले. तांब्याचा मिश्रधातू आणि कथिलाचा मुलामा, सोने-चांदी नाही. साहजिकच कायद्याच्या लेखी तो खजिना नव्हता. पुरातत्त्वज्ञांना सविस्तर अभ्यासाची संधी मिळण्याआधीच त्याची जुळणी झाली आणि ७ ऑक्टोबर रोजी क्रिस्टीज या लिलावघरात ते खासगी खरेदीदाराला २२ लाख ८१ हजार २५० पौंडांना गेले. अंदाज होता दोन ते तीन लाखांचा. कार्लाइलच्या टुली हाउस संग्रहालयाने लोकवर्गणी जमवून बोली लावली, ती अपुरी पडली. दुसऱ्या टोकाला चेम्सफर्डजवळ २०१४ मध्ये मिळालेली टोपीवाला जाड अंगरखा घातलेल्या माणसाची इवलीशी मूर्ती. हाच तो 'बिरुस ब्रिटानिकुस'. सम्राट डायोक्लेशियनच्या ३०१ सालच्या दरपत्रकात ज्याचा भाव दिला आहे, तो ब्रिटनचा निर्यातीचा माल. ती मूर्ती देशाबाहेर जाता जाता निर्यात परवाना रोखल्यामुळे थांबली आणि स्थानिक संग्रहालयाला अवघ्या ५५० पौंडांत मिळाली. बाजाराची तराजू आणि इतिहासाची तराजू एक नसते, हे दाखवायला हे दोन आकडे पुरेत.

यॉर्कशायरच्या रायडेल भागात मे २०२० मध्ये चार कांस्यवस्तू एकत्र मिळाल्या. तेरा सेंटिमीटर उंचीचे सम्राट मार्कस ऑरेलियसचे शिर, घोड्यावर बसलेला मार्स, घोड्याच्या डोक्याची मूठ आणि गवंड्याचा ओळंबा. त्याही खजिना ठरल्या नाहीत. २०२१ मध्ये लिलावात १ लाख ८५ हजार पौंडांना विकल्या गेल्या. अमेरिकेतील एका दानशूर गृहस्थामुळे आणि कलानिधीच्या साह्यामुळे अखेर यॉर्कच्या संग्रहालयात पोहोचल्या. दरवेळी दाता धावून येईलच असे नाही, हे सरकारच्या ध्यानात आले असावे. ३० जुलै २०२३ पासून धातूची अट शिथिल झाली. किमान दोनशे वर्षे जुनी, धातूचा अंश असलेली आणि राष्ट्राच्या वा प्रदेशाच्या इतिहासावर असाधारण प्रकाश टाकणारी वस्तू आता कोणत्याही धातूची असली तरी खजिना ठरू शकते. बैल गेला आणि झोपा केला, असे कोणी म्हणेल. पण गोठ्यात अजून बैल आहेत. अडचण वेगळीच आहे. 'असाधारण' हा शब्द शिरस्त्राणाला लागू पडेल, मार्सच्या मूर्तीला पडेल. काल्क्रीझच्या तीन गोफणगुंड्यांना पडला असता काय? असे गुंडे रोमन रणभूमींवर ठिकठिकाणी मिळतात. त्यांचे महत्त्व आकारात नव्हते, ठिकाणात होते. आणि ठिकाण हे नोंद झाल्यावरच कळते.

पूर्व युरोपात चित्र अधिक काळे आहे. २००७ मध्ये कॅनडाच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी बल्गेरियातून आलेला माल अडवला आणि चौकशीअंती जून २०११ मध्ये सुमारे २१ हजार नाणी, दागिने आणि अन्य वस्तू बल्गेरियाला परत केल्या. त्यांत ब्राँझचे गरुड होते, अंगठ्या, पदके, पट्ट्यांची बक्कले, बाणांची टोके आणि हाडाची एक शिवणाची सुईदेखील होती. सुईपर्यंत सारे उचलले, याचा अर्थ कोणी तरी एक नव्हे, अनेक वसाहतींच्या जागा झाडून नेल्या होत्या. बल्गेरिया २००७ पासून संघाचा सदस्य आहे. म्हणजे तिथून जर्मनीत जाणाऱ्या काट्याला गेल्या वर्षीचा आयात परवाना लागतच नाही. उलट ब्रिटन संघाबाहेर पडल्यामुळे तिथे रीतसर नोंदवलेला, निर्यात परवाना घेतलेला काटा बर्लिनला पाठवायचा तर नव्या कागदांचे सोपस्कार! प्रामाणिकाला दोन दारे आणि चोराला सताड उघडे अंगण, असा हा न्याय आहे. बव्हेरियाने १ जुलै २०२३ पासून जमिनीतील पुराणवस्तू राज्याच्या मालकीच्या ठरवल्या. तोवर तिथे शोधणाऱ्याला निम्मा वाटा मिळे. साहजिकच शेजारच्या कडक कायद्यांच्या राज्यांत उकरलेला माल बव्हेरियात 'सापडतो', अशी तक्रार अभ्यासक वर्षानुवर्षे करत होते.

बाजाराची भाषा या सर्वांवर पांघरूण घालते. 'जुना युरोपीय संग्रह', '१९७० पूर्वी मिळवलेले', 'एका सद्गृहस्थाच्या संग्रहातून' ही वाक्ये लिलावाच्या सूचीत पुनःपुन्हा येतात. १९७० या सालाचे माहात्म्य युनेस्कोच्या त्या वर्षीच्या कराराने वाढवले. पुतळ्याच्या बाबतीत असे विधान तपासता येते, जुने छायाचित्र मागता येते. काट्याचे छायाचित्र कोण काढून ठेवतो? लहानपणा हीच त्याची पळवाट. ब्रिटिश म्युझियमसारख्या संस्थेलाही हे भोवले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथून सोन्याचे दागिने, कोरीव रत्ने असा सुमारे दोन हजार लहान वस्तूंचा ऐवज गहाळ, चोरीस गेलेला वा नुकसान झालेला असल्याचे उघड झाले. संचालकांना पायउतार व्हावे लागले. यांतल्या काही वस्तू इंटरनेटवरील विक्रीत क्षुल्लक किमतींना दिसत होत्या, आणि एका जाणकार व्यापाऱ्याने २०२१ मध्येच सावधगिरीचा इशारा दिला होता. ज्या वस्तूंची नीट यादीच नव्हती, त्या नाहीशा झाल्याचे कळणार कसे?

आपल्याकडे हा विषय परका वाटेल. तो तसा नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास सातवाहनकालीन वस्तीच्या थरात कांस्यवस्तूंचा मोठा साठा सापडला. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी देखणी मूर्ती होती, भूमध्य सागराकाठची घडण असलेला सुरईसारखा तांब्या होता, आरसा होता. आणि त्यांच्याच शेजारी देशी कारागिरीचा ऐवजही होता. पुढे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. ती मूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. हीच मूर्ती एकटी लंडनच्या लिलावात गेली असती, तर सूचीत तिच्यापुढे 'पूर्व भूमध्य प्रदेश' एवढेच लिहिले गेले असते. पंचगंगेचे नाव तिला चिकटले नसते, आणि सातवाहनांच्या व्यापाराचा एक पुरावा परदेशी दिवाणखान्यात शोभेला राहिला असता. आपला १९७२ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या खासगी निर्यातीला मनाई करतो. १८७८ चा कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. इंग्लंडसारखी गावोगावी जाऊन शेतकऱ्याच्या हातातले नाणे पाहून, नोंदवून, त्याला परत देणारी यंत्रणा मात्र आपल्याकडे नाही. नांगराला लागलेले नाणे जिल्हाधिकारी कार्यालयापेक्षा सोनाराच्या मुशीत लवकर पोहोचते, यात नवल ते काय?

प्रस्तुत लेखकाच्या मते बंदीपेक्षा नोंद अधिक उपयोगी आहे. परंतु नोंद ऐच्छिक आणि विक्री मोकळी, हे समीकरण फार काळ टिकणारे नाही. इंटरनेटवरील विक्री संस्थांनी नोंदक्रमांकाशिवाय प्राचीन धातुवस्तू विकायला ठेवूच नयेत, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. ब्रिटनमध्ये २००६ साली ब्रिटिश म्युझियम आणि ईबे यांच्यात विक्रीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था ठरली होती; पण लक्ष ठेवणारे मोजके आणि जाहिराती अगणित, अशा विषम सामन्यात काय होणार ते उघड होते. नोंदक्रमांकाची सक्ती असेल तर शोधण्याचे ओझे पुरातत्त्वज्ञावरून विक्रेत्यावर जाते.

दरम्यान एक निकडीची गोष्ट कोणाच्याच नियमावलीत नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांनी हे संग्रह उभे केले, ती पिढी आता मावळत आहे आणि त्यांचे खण वारसांच्या हाती येत आहेत. प्रत्येक काट्याखाली, प्रत्येक नाण्याखाली त्या माणसाच्या हातची चिठ्ठी असते: कोणाकडून घेतले, केव्हा, किती पैशांना, आणि कधी कधी कोणत्या गावच्या शेतातून आले तेही. वारस वस्तू लिलावघराकडे पाठवतात. पाकिटे आणि चिठ्ठ्या रद्दीत जातात.